अबोला कसा सुटतो

आमच्या लहानपणीं घरांतील वडीलधाऱ्यांचा अबोला ही पावसाळ्यासारखी ठरलेली गोष्ट होती. वर्षांतून एकदोनदां तो यावयाचाच. वडील आणि काका एकाच पंक्तीस, पाटाला पाट लावून जेवावयास बसत. पण अबोल्याचे दिवस असले म्हणजे मिठाची वाटी हातभर अंतरावर असूनहि “अरे, तुझ्या काकांना म्हणावें, मीठ इकडे सरकवा,” असा निरोप आमच्यामार्फत जाई, आणि “तुझ्या वडिलांना म्हणावें, हें घ्या,” असें उत्तर आमच्याचमार्फत परत येई. भांडणाचें कारण बहुधा क्षुल्लक असे. कधीं कधीं तें दोघांच्याहि लक्षांत राहत नसे. चार-पांच दिवस असे गेले म्हणजे एखाद्या सकाळीं काका ओसरीवर उभे राहून, कोणालाहि उद्देशून नव्हे अशा स्वरांत, मोठ्यानें म्हणत, “हें घड्याळ मागें पडलेलें दिसतें!” तें ऐकतांच वडील आंतून बाहेर येत. दोघे घड्याळापुढें उभे राहत. एक कांचेचें दार उघडी, दुसरा लंबकाकडे पाही, किल्ली दिली जाई, तेल घालावें कीं काय ह्याचा खल होई. आणि अर्ध्या घटकेनें दोघे झोपाळ्यावर बसून चहा घेत असत. घड्याळ मागें पडलेलें नसे. तें त्या दोघांस ठाऊक असे, घरांतील बायकांस ठाऊक असे, आणि आम्हां मुलांस तर ठाऊक असेच असे.

ह्या घड्याळाची आठवण आम्हांस अलीकडे अगदीं अनपेक्षित ठिकाणीं झाली. फ्रान्स द वाल (१९४८–२०२४) ह्या डच प्राणिशास्त्रज्ञाचीं पुस्तकें आम्ही ह्या पावसाळ्यांत वाचीत होतों. त्याचा सारा जन्म चिंपांझी आणि माकडें ह्यांचे रागलोभ पाहण्यांत गेला. कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत माकडांचा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. पण भांडण मिटविणें हा जर कुटुंबाचा विषय नसेल तर मग दुसरा कोणता आहे, हें आम्हांस कळत नाहीं.

आपल्या भाषेनें ह्या प्राण्यांची फारशी प्रतिष्ठा ठेविलेली नाहीं. मर्कटचेष्टा काय, माकडाच्या हातीं कोलीत काय! एका मारुतिरायाचें देऊळ बांधून बाकीच्या साऱ्या कुळास आपण हिणवीत आलों आहों. संस्कृत पंडितांपैकीं कोणी तरी मात्र ‘वानर’ शब्दाची ‘वा नरः’, म्हणजे ‘हा मनुष्य तर नव्हे ना?’, अशी फोड केली. व्याकरणाच्या कसोटीस ती फारशी उतरत नाहीं. ‘वन’ शब्दाकडून येणारी व्युत्पत्ति अधिक सरळ आहे. तथापि ज्याला ती सुचली त्यानें वानरांकडे पुष्कळ वेळ टक लावून पाहिलें असलें पाहिजे, ह्यांत शंका नाहीं. आपण काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्यास वानर म्हणतों आणि तांबूस तोंडाच्यास माकड. चिंपांझी ह्या दोहोंहून निराळा. त्यास शेपूट नाहीं, आणि तो आफ्रिकेच्या जंगलांत राहतो. त्याचें व आपलें कूळ साठ-सत्तर लक्ष वर्षांपूर्वीं विभक्त झालें; माकडांचें व आपलें त्याच्या कितीतरी आधीं, सुमारें अडीच कोटी वर्षांपूर्वीं. नात्याच्या भाषेंत सांगावयाचें तर चिंपांझी हा चुलत घराण्यांतला आणि माकडें हीं सुतकापुरतीं उरलेलीं भाऊबंद.

हॉलंड देशांत आर्न्हेम येथें एक जुनें प्राणिसंग्रहालय आहे. त्याच्या संस्थापकाच्या दोघां नातवांनीं १९७१ सालीं तेथें सुमारें दोन एकरांचें एक बेट करून त्यावर चिंपांझींचा एक मोठा कळप मोकळा सोडला. ह्या दोघां भावांपैकीं एक संग्रहालयाचा कारभार पाही; दुसरा, यान व्हान होफ, हा उत्रेख्त येथील विद्यापीठांत प्राणिशास्त्राचा अध्यापक होता. बेटाभोंवतीं पाण्याचा खंदक ठेवला कीं काम झालें. चिंपांझीस पोहतां येत नाहीं. उन्हाळ्यांत सारा कळप बेटावर, हिंवाळ्यांत एका मोठ्या उबदार दालनांत. १९७५ पासून तरुण द वाल तेथें रोज जाऊन बसूं लागला आणि सहा वर्षें बसत राहिला.

एके दिवशीं हिंवाळ्यांतल्या त्या दालनांत मुख्य नरानें एका मादीवर हल्ला केला. इतर तिच्या मदतीस धांवले, किंकाळ्यांनीं छप्पर डोक्यावर घेतलें गेलें, आणि मग सारें शांत झालें. ती शांतता चमत्कारिक होती. कोणी हालेना. थोड्या वेळानें एकाएकीं सर्व कळपानें आरोळ्या ठोकावयास आरंभ केला, आणि त्या गलबल्याच्या मध्यभागीं दोन चिंपांझी एकमेकांस मिठी मारून चुंबन घेत होते. हें काय झालें, ह्याचा विचार द वाल कांहीं तास करीत राहिला. मग त्याच्या लक्षांत आलें कीं, मिठी मारणारे ते दोघे म्हणजे तो मारणारा नर आणि ती मार खाणारी मादीच होत. त्या क्षणीं त्याला ‘समेट’ हा शब्द सुचला. इतका वेळ सारा कळप कसली वाट पाहत होता, तेंहि त्यास मग उमगलें.

१९७९ सालीं अँजेलिन व्हान रोसमालेन ह्या विदुषीसह त्यानें हें निरीक्षण प्रसिद्ध केलें. भांडलेले दोघे भांडणानंतर एकमेकांस टाळीत असतील अशी अपेक्षा. प्रत्यक्षांत ते एकमेकांस शोधीत. आणखी एक बारकावा त्यांनीं टिपला. भांडलेल्या दोघांचा समेट होतांना चुंबन विशेष दिसे. आणि तिसरा कोणी मार खाल्लेल्याचें सांत्वन करण्यास आला म्हणजे तो त्यास मिठी मारी. आपण ह्या दोन भावनांस दोन शब्द योजतों; त्यांनीं दोन कृति योजिल्या.

पंडितमंडळींत ह्यावर गदारोळ झाला. जनावराच्या वागणुकीस ‘समेट’ म्हणणें म्हणजे त्यावर मनुष्याचें मन लादणें होय, असा आक्षेप निघाला. ‘चुंबन’ शब्दहि कित्येकांस सोसेना. त्याऐवजीं ‘मुखास मुख लागणें’ असें कांहीं तरी म्हणावें, अशी सूचना आली! आम्ही चाळीस वर्षें मुलांच्या निबंधांतील शब्द सुधारले, तेव्हां शब्दांविषयींची ही दक्षता आम्हांस अनोळखी नाहीं. परंतु शब्द बदलून वस्तु बदलत नाहीं. द वालनें वाद घातला नाहीं; त्यानें मोजणी केली. भांडण झालें म्हणजे पुढील दहा मिनिटें त्या दोघांवर नजर ठेवावयाची, आणि दुसऱ्या दिवशीं भांडण झालें नसतां त्याच वेळीं पुन्हां दहा मिनिटें पाहावयाचें. दोन्ही दिवसांची तुलना केली म्हणजे जवळ येणें हा योगायोग होता कीं भांडणाचा परिणाम होता, तें निवडतां येतें. ही पद्धति त्यानें १९८३ मध्यें माकडांवर वापरून दाखविली, आणि तेव्हांपासून नरवानर गणांतील कितीतरी जातींवर ती लावून पाहण्यांत आली. समेट बहुतेकांत सांपडला.

आर्न्हेम येथें नरांमध्यें जितक्या वेळां समेट होई तितक्या वेळां माद्यांमध्यें होत नसे. आमच्या वाचक भगिनींनीं रागावूं नये. नर भांडतहि तितक्याच तत्परतेनें. त्या कळपांत येरून, लाउट आणि निकी असे तीन बलाढ्य नर होते आणि त्यांची सत्तेसाठीं चाललेली खटपट वाचतांना कौटिल्य आठवल्यावांचून राहत नाहीं. १९७६ मध्यें लाउटनें वृद्ध येरूनास पदच्युत केलें. पुढच्याच वर्षीं येरूनानें तरुण निकीस हाताशीं धरून लाउटास खालीं आणलें, आणि गादीवर निकीस बसवून मागून सूत्रें आपल्या हातीं ठेविलीं. कौटिल्यानें राजनीतीचे सहा गुण सांगितले. त्यांत पहिला संधि, दुसरा विग्रह. आम्ही जन्मभर जो संधि शिकविला तो व्याकरणांतला. दोन वर्ण निकट आले म्हणजे त्यांपैकीं एकाला तरी, कित्येकदां दोघांनाहि, आपलें रूप बदलावें लागतें, हें आम्ही मुलांकडून घोकून घेतलें. स्वतः किती घोकलें, तें पुढें येईलच.

आतां घड्याळाकडे येऊं. दोन नर भांडले म्हणजे पुढें कित्येक वेळ एकमेकांसमोर बसून राहत. पण एकानें पाहिलें तर दुसरा आकाशाकडे पाही, दुसऱ्यानें पाहिलें तर पहिला आपल्या पायाच्या बोटांकडे. नजरेला नजर भिडली कीं अर्धें काम झालें. मग एक जण तळवा वर करून हात पुढें करी. पण ती नजर भिडावी कशी? द वाल सांगतो कीं, अशा पेंचांत कधीं कधीं एका नरास एकाएकीं गवतांत कांहीं तरी सांपडे. तो मोठ्यानें हुंकार देऊं लागे, चोहोंकडे पाही. सारा कळप काय सांपडलें तें पाहावयास धांवे, आणि त्यांत तो प्रतिस्पर्धीहि येई. इतरांस त्यांत पाहण्यासारखें कांहीं दिसत नसे, म्हणून ते निघून जात. हे दोघे मात्र डोक्याला डोकें लावून ती वस्तु हुंगीत, चाचपीत, उद्गार काढीत बसून राहत. थोड्या वेळानें वस्तु बाजूस राही आणि दोघे एकमेकांच्या अंगावरील केंस विंचरावयास लागत. ती वस्तु काय होती, हें द वालला कधींच दिसलें नाहीं.

हें वाचून आम्ही पुस्तक मिटलें आणि बराच वेळ हंसत बसलों. मग हंसूं आवरलें. कारण आमचे काका ‘मला वाईट वाटलें’ हें वाक्य जन्मांत बोलले नाहींत, आणि वडिलांनीं तें त्यांच्याकडून कधीं मागितलें नाहीं. दोघांनीं मिळून एक खोटें बोलावयाचें आणि त्या खोट्याच्या आडोशानें मान न लववितां जवळ यावयाचें, ही रीत आम्ही आमच्या घरची समजत होतों.

गवतांतल्या वस्तूनें जेथें भागत नसे तेथें कळपांतील एखादी वयस्क मादी मध्यें पडे. ह्या कामांत अग्रेसर होती ती ‘मामा’. वाचकांनीं घोटाळा करूं नये. त्या देशीं ‘मामा’ हें आईस संबोधन आहे. ही मादी पहिल्या नराजवळ जाऊन कांहीं वेळ त्याचे केंस विंचरी. मग उठून सावकाश दुसऱ्या नराकडे चालूं लागे. पहिला तिच्या मागोमाग येई, परंतु प्रतिस्पर्ध्याकडे न पाहतां, जणूं तिच्याच मागें आपण चाललों आहों. तो अडखळला तर ती मागें वळून पाही, प्रसंगीं हात धरून ओढी. मग ती दुसऱ्याशेजारीं बसे. एक नर तिच्या एका अंगास, दुसरा दुसऱ्या. दोघेहि तिची सेवा करूं लागत. कांहीं वेळानें ती हळूच उठून निघून जाई. दोघांचे हात चालूच राहत. फक्त मधली जागा रिकामी झाल्यामुळें ते आतां एकमेकांच्या अंगावरून चालत.

आमच्या घरीं हें काम आत्याबाईंचें. अकालीं वैधव्य आल्यामुळें त्या माहेरींच राहत. अबोला फार लांबला म्हणजे त्या पानाचें तबक घेऊन काकांजवळ जाऊन बसत आणि अडकित्त्यानें सुपारी कातरीत गांवच्या गोष्टी काढीत. सुपारी कातरून होतांच, “येथें उजेड पुरत नाहीं बाई,” म्हणून तबक उचलून वडिलांच्या खोलीच्या उंबऱ्याशीं जात. काकांस पान हवेंच असे. ते मागोमाग जात. तबक मध्यें, एकीकडे वडील, दुसरीकडे काका. मग एकदम आत्याबाईंस चुलीवरची आमटी आठवे. त्या उठून जात त्या परत येत नसत. आम्ही पोरें त्यांना विचारीत, “आत्या, आमटी उतूं गेली?” त्या म्हणत, “गेली असेल.”

आर्न्हेमच्या त्या मामाची अखेर फार हृद्य आहे. १९५७ च्या सुमारास जन्मलेली ही मादी २०१६ च्या एप्रिलांत, एकुणसाठ वर्षांची होऊन, मरणोन्मुख पडली होती. खाणेंपिणें सुटलें होतें. तिची चाळीस वर्षांहून अधिक ओळख असलेला यान व्हान होफ, स्वतः ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेला, तिचा निरोप घेण्यास तिच्या खोलींत शिरला. प्रौढ चिंपांझीच्या खोलींत शिरणें हें एरव्हीं जिवावरचें काम. प्रथम तिनें त्यास ओळखलें नाहीं. ओळख पटतांच तिचें तोंड आनंदानें फांकलें, आणि तिनें हात लांब करून त्याच्या मानेभोंवतीं टाकला व बोटांनीं त्याच्या डोक्यावर हळूहळू थोपटलें. पोर रडावयास लागलें म्हणजे चिंपांझी आई असेंच थोपटते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

ह्यावरून चिंपांझी म्हणजे साधुसंत असा कोणी समज करून घेऊं नये. त्याच आर्न्हेमांत १९८० च्या सप्टेंबरांत, रात्रीच्या पिंजऱ्यांत, निकी आणि येरून ह्यांनीं मिळून लाउटास इतकें फाडलें कीं तो त्या जखमांनीं मेला. द वालनें हा प्रसंग लपविला नाहीं. आपल्या लाडक्या सिद्धान्तास तो बाधक आहे म्हणून तर नाहींच नाहीं. उलट, समेट ही चैन नव्हे, तिच्यावांचून काय होऊं शकतें तें येथें दिसलें, असेंच त्यानें त्यापुढें लिहिलें.

मग समेट कोणांत होतो आणि कोणांत होत नाहीं? ह्या प्रश्नाचा शास्त्रज्ञांनीं जो शोध केला तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिलिप्पो औरेली ह्या इटालियन पंडितानें एक साधी गोष्ट पाहिली. भांडण झाल्यावर माकड वारंवार आपलें अंग खाजवूं लागतें. अंगांत पिसवा वाढलेल्या नसतात. अस्वस्थपणा वाढलेला असतो. समेट झाला कीं खाजविणें थांबतें. म्हणजे भांडणाचा सल उभयतांस टोंचत असतो, आणि तो टोंचतो तो ज्याच्याशीं भांडण झालें त्याची आपणांस कांहीं किंमत असते म्हणून. ह्याची कसोटी मरीना कॉर्ड्स आणि सिल्व्ही थुर्नहेर ह्या दोघींनीं १९९३ मध्यें पाहिली. त्यांनीं माकडांच्या जोड्या केल्या आणि त्यांस अशी संवय लाविली कीं, दोघांनीं शेजारीं बसून एकदमच खाल्लें तर खाऊ मिळेल, एकट्यास मिळणार नाहीं. अशी परस्परांची गरज निर्माण होण्यापूर्वीं आणि झाल्यानंतर त्याच जोड्यांत भांडणें लावून पाहिलीं. गरज लागल्यावर समेटाचें प्रमाण सुमारें तिपटीनें वाढलें. माकडें तींच, स्वभाव तेच. फक्त आतां एकाला दुसऱ्यावांचून चालत नव्हतें.

ह्यास जोडून आपल्याच देशांतून गेलेल्या माकडांची एक हकीकत आहे. उत्तर हिंदुस्थानांत देवळांतून व स्टेशनांवर जें लाल तोंडाचें माकड दिसतें त्यास शास्त्रांत ऱ्हीसस म्हणतात. १९३८ सालीं कार्पेंटर नांवाच्या अमेरिकन संशोधकानें अशीं सुमारें चारशें माकडें येथून जहाजानें नेऊन प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो ह्या बेटावर सोडलीं. त्यांचे वंशज आजहि तेथें आहेत. ऱ्हीसस हा अत्यंत भांडकुदळ प्राणी. २०१७ च्या सप्टेंबरांत त्या बेटावरून एक भयंकर वादळ गेलें आणि बहुतेक झाडें उन्मळून पडलीं. उन्हाचा ताप तर भाजून काढणारा, आणि सावली मूठभर उरलेली. अशा वेळीं सावलीसाठीं मारामाऱ्या माजतील असें पाहणाऱ्यांस वाटलें होतें. घडलें उलटच. पूर्वीं ज्यांस शेजारीं फिरकूं दिलें नसतें त्यांस हीं माकडें आपल्या सावलींत बसूं देऊं लागलीं.

आणि गरज उरली नाहीं म्हणजे काय होतें? जेन गुडॉल ह्या बाईंनीं १९६० पासून आफ्रिकेंत टांगानिका सरोवराच्या कांठीं, गोंबे येथील अरण्यांत, चिंपांझींचा अभ्यास चालविला होता. तेथील एक मोठा कळप हळूहळू विभक्त झाला; कांहीं नर व माद्या दक्षिणेस जाऊन वेगळ्या राहूं लागल्या. आरंभीं दोन्ही पक्ष भेटत, पुढें भेटणें कमी झालें. १९७४ च्या जानेवारींत उत्तरेकडच्या नरांनीं दक्षिणेकडच्या एका नरास एकटा गांठून मारलें, आणि पुढील चार वर्षांत एक एक करून त्या पक्षांतील सारे प्रौढ नर संपले. मारणारे आणि मरणारे अनोळखी नव्हते. एकाच झाडाखालीं बसून त्यांनीं एकमेकांचे केंस विंचरले होते. एकत्र असतांना त्यांचीं भांडणें होत आणि मिटत. वेगळे झाल्यानंतर एकहि समेट झाला नाहीं.

ही हकीकत आम्ही रात्रीं वाचली आणि आम्हांस झोंप लागली नाहीं. आमचे वडील आणि काका ह्यांचा अबोला पांच दिवसांवर टिकत नसे, ह्याचें श्रेय आम्ही आजवर त्यांच्या थोर मनास देत आलों. मन थोर होतेंच. पण विहीर एक होती, चूल एक होती, भाताची रोपें एकाच चिखलांत लावावयाचीं होतीं. सहावा दिवस परवडणारा नव्हता. आमचा धाकटा भाऊ आणि आम्ही ह्यांची मात्र रीतसर वाटणी झाली; कागद रजिस्टर झाले, विहिरीच्या जागीं नळ आले, दोन दारें झालीं, आणि पुढें तर तो एस. टी. नें तीन तासांच्या अंतरावर राहावयास गेला. भांडण हद्दीवरच्या एका फणसावरून झालें. झाड कोणाच्या अंगणांत येतें ह्याविषयीं आम्ही चार माणसांदेखत त्यास ‘तुला सातवी इयत्तेचा भूगोलहि कळत नाहीं’ असें म्हणालों. तो आमच्या हाताखालींच शिकला होता. तो फणस पुढें वादळांत पडला. अबोल्याला अकरा वर्षें झालीं. आत्याबाई वाटणीच्या दोन वर्षें आधींच वारल्या होत्या. मधल्या काळांत दोन लग्नांत व एका बाराव्याच्या दिवशीं आम्ही एकमेकांसमोर आलों, तेव्हां एक जण मांडवाच्या कनातीकडे पाहूं लागला आणि दुसरा आपल्या वहाणांकडे.

ऱ्हीससाविषयींचा एक प्रयोग सांगावयाचा राहिला. शिक्षकाच्या पेशास तो विशेष लागू आहे. आसामाकडे व त्यापलीकडील देशांत आखूड शेपटीचें एक माकड असतें. तें समेट करण्यांत मोठें तरबेज. द वाल आणि त्याची एक सहकारी ह्यांनीं ऱ्हीससचीं लहान पिलें ह्या आखूड शेपटीच्या, त्यांच्याहून थोड्या मोठ्या पिलांसमवेत पांच महिने ठेविलीं. हळूहळू ऱ्हीससच्या पिलांतहि भांडणानंतरचे समेट वाढत गेले, इतके कीं तीं आपल्या सोबत्यांच्या बरोबरीस आलीं. हें झालें तोंवर नवल नाहीं. शाळेंत पाहुणे आले म्हणजे वर्गहि शांत बसतो. नवल हें कीं, सोबती काढून नेल्यावरहि तीं पिलें तशींच वागत राहिलीं. जातीचा स्वभाव म्हणून जें आपण कपाळीं लिहिलेलें समजतों त्यांतलें बरेंचसें अशा रीतीनें संगतीनें बदलतें, असें ह्या प्रयोगावरून दिसतें. प्रयोग पिलांवर केलेला होता. साठी उलटलेल्या माकडांवर कोणी केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

श्रावणांत आम्ही भावास एक कार्ड टाकलें. मजकूर इतकाच: “चिरंजीव बंधूस अनेक आशीर्वाद. वडिलांच्या हस्ताक्षरांतील व्यंकटेशस्तोत्राची पोथी तुझ्याकडील पेटींत आहे काय, पाहून कळवावें.” ती पोथी आमच्या देवघरांत लाल फडक्यांत बांधलेली आहे. वाटणीच्या दिवशीं त्यानेंच ती आपल्या हातानें तेथें ठेविली होती.

नवव्या दिवशीं उत्तर आलें. “ती. दादांस साष्टांग नमस्कार. पोथी शोधली. वरच्या पेटींत नाहीं. खालची पेटी पाहावयाची राहिली आहे, ती रविवारीं पाहतों. सांपडली अथवा न सांपडली, सोमवारच्या पहिल्या गाडीनें तिकडे येऊन काय तें समक्ष सांगतों.”